बालरुग्णसेवा आणि पालक : घर ते रुग्णालय

बालकांचे आरोग्य हा मानव विकासाच्या मापनातील एक मूलभूत निर्देशक मानला जातो. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या अहवालानुसार भारताचा अर्भक मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे २८, तर नवजात मृत्युदर २० इतका होता. महाराष्ट्रात हेच दर अनुक्रमे १६ व ११ होते. दोन्ही आकड्यांचा परस्परसंबंध लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्या वर्षात दगावणाऱ्या दर दहा अर्भकांपैकी सुमारे सात अर्भके जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच दगावतात. या दिवसांत बाळ बहुतांश काळ घरी, आईजवळ असते. बाळाला काही होत आहे हे प्रथम ओळखण्याची वेळ डॉक्टरांवर नव्हे, तर पालकांवर येते. म्हणूनच बालरुग्णसेवेचा विचार केवळ डॉक्टर, खाटा व औषधे यांच्या संख्येत करून भागत नाही. या सेवेचा योग्य वापर पालकांना कितपत करता येतो, हा तिचा तितकाच महत्त्वाचा घटक आहे.

सेवेची रचना

मुलांसाठी स्वतंत्र वैद्यकशास्त्र ही संकल्पना भारतात तुलनेने अलीकडची आहे. मुंबईच्या परळ भागातील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये सुरू झाले. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या एकत्रीकरणातून १९६३ मध्ये भारतीय बालरोग अकादमी स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात शहरांमधून खासगी बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने मोठ्या संख्येने उभे राहिले. म्हैसूरमधील गोकुलम किंवा पुण्या-नाशिकच्या तत्सम निवासी वसाहतींमधील कुटुंबाला असा दवाखाना सहसा फार दूर नसतो. याउलट गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटातील पाड्यावरच्या कुटुंबासाठी आरोग्यसेवेचे पहिले दार म्हणजे गावातील आशा कार्यकर्ती होय.

सार्वजनिक व्यवस्थेत हे दार एका उतरंडीला जोडलेले आहे. आशा व अंगणवाडी, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय अशा या पायऱ्या आहेत. नवजात बालकांसाठीही तीन स्तर ठरविण्यात आले आहेत. प्रसूती होते त्या प्रत्येक ठिकाणी नवजात काळजी कोपरा, संदर्भ रुग्णालयात नवजात स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा रुग्णालयात विशेष नवजात काळजी कक्ष असे त्यांचे स्वरूप आहे. कोणता आजार कोणत्या पायरीवर बरा होतो आणि कोणत्या आजारात पुढच्या पायरीवर त्वरित जावे लागते, याची जाण असणे ही पालकांच्या दृष्टीने पहिली गरज आहे. साध्या सर्दीसाठी जिल्हा रुग्णालय गाठणे जसे अनावश्यक, तसेच दूध ओढेनाशा झालेल्या नवजात बाळाला घरी थांबवून वाट पाहणे घातक ठरते.

गडचिरोलीचा धडा

घरातील निरीक्षणाला किती मोल आहे, हे महाराष्ट्रातील एका प्रयोगाने शास्त्रीय पुराव्यानिशी दाखवून दिले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेमार्फत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कामाला प्रारंभ केला. बालमृत्यूंच्या कारणांचा शोध घेताना न्यूमोनिया हे प्रमुख कारण पुढे आले. त्यावर गावातच उपचार करण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

न्यूमोनिया ओळखण्याची पद्धत अत्यंत सोपी आहे. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावयाचे. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर श्वसन जलद आहे असे समजले जाते. अक्षरओळख नसलेल्या दाईंनाही ही मोजणी करता यावी यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे एक साधे उपकरण गडचिरोलीत तयार करण्यात आले. आजाराची खूण ओळखण्यास पदवी लागत नाही, योग्य प्रशिक्षण पुरेसे असते, हे यातून स्पष्ट झाले.

पुढचा टप्पा नवजात बालकांचा होता. ३९ गावांमध्ये प्रशिक्षित महिला आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन बाळाचे वजन, तापमान व श्वसन तपासणे, आईला स्तनपानाचे व बाळाला ऊबदार ठेवण्याचे मार्गदर्शन करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोषावर प्रतिजैविके देणे ही कामे केली. तुलनेसाठी ४७ गावे निवडण्यात आली होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी प्रयोगातील गावांचा नवजात मृत्युदर हजारी २५.५ इतका होता. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता निव्वळ घट सुमारे ६२ टक्के होती. जंतुदोष झालेल्या नवजात बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

या अनुभवाच्या आधारे केंद्र शासनाने २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बालकाची काळजी हा कार्यक्रम देशभर स्वीकारला. त्यानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी देते. जन्म घरी झाला असल्यास पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते. २०१८ पासून ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यातील भेटींची त्यात भर पडली. पालकांनी या भेटी औपचारिकता न समजता त्या वेळी बाळाचे वजन केले जाते किंवा नाही, नोंद होते किंवा नाही, याकडे लक्ष दिले पाहिजे. बाळंतपणासाठी आई माहेरी गेली असल्यास तेथील आशा कार्यकर्तीला कळविणेही तितकेच आवश्यक आहे. एका गावच्या यादीतून बाळ वगळले जाते आणि दुसऱ्या गावच्या यादीत ते येत नाही, असे होऊ नये.

भेटीपूर्वीची तयारी

खासगी दवाखाना असो वा शासकीय बाह्यरुग्ण विभाग, डॉक्टरांना एका बालकासाठी मिळणारा वेळ मर्यादित असतो. लहान मूल आपली व्यथा शब्दांत सांगू शकत नाही. त्यामुळे निदानाचा मोठा भाग पालकांनी दिलेल्या माहितीवर आधारलेला असतो. ताप केव्हा सुरू झाला, तो मोजला असता किती भरला, चोवीस तासांत लघवी किती वेळा झाली, जुलाब व उलट्या किती झाल्या, मूल नेहमीप्रमाणे खाते-पिते व खेळते का, या प्रश्नांची नेमकी उत्तरे पालकांजवळ असावीत. आधी दिलेल्या औषधांच्या बाटल्या व चिठ्ठ्या, पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठले असल्यास त्याची माहिती आणि बाळाचे कार्ड सोबत असल्यास उपचारातील द्विरुक्ती व चुका टळतात. मुलाला आणणारी व्यक्ती शक्यतो त्याची रोजची काळजी घेणारी असावी.

शक्य तेथवर एकाच डॉक्टरांकडे वा एकाच केंद्रात सातत्याने जाणे हिताचे असते. मुलाची वाढ, पूर्वीचे आजार आणि कौटुंबिक पार्श्वभूमी ठाऊक असलेल्या डॉक्टरांना लहानसा बदलही जाणवतो. दोन दिवसांत ताप उतरला नाही म्हणून दवाखाना बदलण्याची प्रवृत्ती शहरांत विशेष आढळते. विषाणूजन्य तापाला उतरण्यास काही दिवस लागतात, आणि दर वेळी नवे औषध सुरू झाल्यास खरे निदान अधिकच धूसर होते. दवाखाना निवडतानाच तो बंद असताना कोठे जावे व रात्रीच्या वेळी संपर्क कसा साधावा, हे विचारून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

कार्डावरील दोन नोंदी

माता व बाल संरक्षण कार्ड हा बालकाच्या आरोग्याचा मूळ दस्तऐवज आहे. त्यातील दोन नोंदी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली नोंद लसीकरणाची. १९७८ मध्ये सुरू झालेल्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमाचे १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात रूपांतर झाले. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ‘मिशन इंद्रधनुष’ सुरू झाले. आज या कार्यक्रमातून १२ रोगांविरुद्धच्या लसी विनामूल्य दिल्या जातात. त्यांपैकी जपानी मेंदूज्वराची लस केवळ प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत दिली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील १२ ते २३ महिने वयाच्या ७६.४ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले होते. याचा अर्थ, जवळपास चौथा हिस्सा बालके या संरक्षणापासून अंशतः वा पूर्णतः वंचित होती.

लसीकरण अपुरे राहण्यामागे अनेकदा गैरसमज असतात. किरकोळ सर्दी वा सौम्य ताप हे लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. एखादी मात्रा चुकली तरी संपूर्ण मालिका पुन्हा आरंभापासून द्यावी लागत नाही. राहिलेल्या मात्रा पुढे दिल्या जातात. लस दिल्यानंतर अर्धा तास केंद्रावर थांबावे. एक-दोन दिवस ताप येणे वा टोचलेली जागा दुखणे स्वाभाविक आहे. खासगी दवाखान्यात राष्ट्रीय वेळापत्रकाबाहेरील काही लसीही सुचविल्या जातात. त्यांतील कोणती लस राष्ट्रीय कार्यक्रमात आहे व शासकीय केंद्रात विनामूल्य मिळते आणि कोणती ऐच्छिक आहे, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळल्यानंतर भारतास २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. कोट्यवधी पालकांनी ठरल्या दिवशी बालकांना केंद्रावर आणले, म्हणूनच हे यश मिळू शकले.

दुसरी नोंद वाढीच्या आलेखाची. लसीइतके त्याकडे लक्ष दिले जात नाही. उपरोक्त सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, तर ३६.१ टक्के कमी वजनाची होती. एका दिवसाचे वजन फारसे काही सांगत नाही. आलेखाची रेषा वर चढते आहे, सपाट झाली आहे की खाली झुकते आहे, हे महत्त्वाचे असते. सपाट रेषा हा आजाराचा वा अपुऱ्या आहाराचा पहिला इशारा असू शकतो. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे हे तीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते. अशा बालकास तातडीने आरोग्य केंद्रात न्यावे लागते. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान व त्यानंतर स्तनपानासोबत पूरक आहार, हे या आलेखामागचे मुख्य सूत्र आहे.

धोक्याच्या खुणा

पुढीलपैकी कोणतीही खूण आढळल्यास दुसऱ्या दिवसाची वा ओळखीच्या डॉक्टरांची वाट न पाहता बालकास जवळच्या रुग्णालयात न्यावे :

• बाळ दूध ओढत नाही किंवा मूल काहीही पिऊ शकत नाही.
• प्रत्येक वेळी घेतलेले सर्व उलटून पडते.
• झटके येतात.
• मूल अतिशय सुस्त वा बेशुद्ध आहे.
• श्वास जलद आहे किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो.
• नवजात बाळाचे अंग तापले आहे किंवा नेहमीपेक्षा थंड पडले आहे.
• जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत कावीळ दिसते किंवा नंतर ती तळहात-तळपायांपर्यंत पसरते.
• दोन महिन्यांखालील बाळास कोणत्याही कारणाने ताप आला आहे.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. बाळास नेताना त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे. त्यामुळे शरीराची ऊब टिकते. बाळ ओढू शकत असल्यास वाटेत स्तनपान चालू ठेवावे.

औषधांबाबतचा विवेक

बालकाला देण्याच्या औषधाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते. मोठ्या भावंडासाठी आणलेले औषध धाकट्यास देणे, चहाच्या चमच्याने अंदाजे मात्रा मोजणे वा जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध घेणे या सवयी म्हणूनच धोकादायक आहेत. चिठ्ठीवरील प्रत्येक औषध कशासाठी, किती दिवस व किती वेळा, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी समजून घ्यावे. प्रतिजैविक सुचविले नाही म्हणजे उपचार अपुरे झाले, असे नाही. बहुतेक सर्दी-खोकल्याचे आजार विषाणूंमुळे होतात व त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. मात्र प्रतिजैविक दिले असल्यास बरे वाटताच ते मध्येच थांबवू नये.

खोकल्याच्या पातळ औषधांचा प्रश्न २०२५ मध्ये तीव्रतेने पुढे आला. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेल्या औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन बालके दगावली. त्यातील काहींवर उपचार नागपुरात झाले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील बालकांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालील बालकांसाठीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, अशी सूचना केली. औषधांच्या गुणवत्तेची जबाबदारी उत्पादक व शासकीय नियंत्रण यंत्रणेची आहे. तथापि अनावश्यक औषधाचा आग्रह न धरणे एवढे पालकांच्या हाती निश्चितच आहे.

याउलट अतिसारावरील उपचार घरीच सुरू करता येतो. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षारसंजीवनीचा व्यापक वापर करून असंख्य प्राण वाचविले. शासकीय केंद्रातील पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात संपूर्ण विरघळवावे आणि ते द्रावण चोवीस तासांच्या आत वापरावे. त्यासोबत १४ दिवस जस्ताच्या गोळ्या दिल्या जातात. दोन ते सहा महिने वयात रोज १० मिलिग्रॅम व त्यानंतर २० मिलिग्रॅम हे त्यांचे प्रमाण आहे. जुलाब थांबले तरी गोळ्यांचा क्रम पूर्ण करावा. आजारपणात स्तनपान व आहार बंद करण्याची प्रथा मात्र सोडून दिली पाहिजे.

न दिसणाऱ्या दोषांची तपासणी

काही दोष वेळीच शोधले नाहीत तर आयुष्यभराचे अपंगत्व येते. ऐकू न येणारे बाळ दिसण्यात इतर बाळांसारखेच असते. ते बोलत नाही हे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून जातो. पहिल्या महिन्यात श्रवण चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांचा आरंभ, हे सूत्र म्हणूनच जगभर मान्य झाले आहे. या क्षेत्रातील अग्रगण्य संस्था, अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थान, म्हैसूर येथेच आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था नवजात बालकांच्या श्रवण तपासणीचे कार्यही करते. मुदतपूर्व वा दोन किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर महिनाभरात करून घ्यावी लागते. रुग्णालयातून घरी सोडताना या दोन तपासण्यांविषयी पालकांनी आवर्जून विचारले पाहिजे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांतील जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वादींच्या कमतरता आणि विकासातील विलंब या चार बाबींची तपासणी त्यात होते. फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात. दोष आढळलेल्या बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते आणि आवश्यक शस्त्रक्रियाही विनामूल्य होतात. पथकाने दिलेली संदर्भचिठ्ठी घरी तशीच पडून राहिल्यास मात्र तपासणीचा काहीही उपयोग होत नाही.

अधिकार आणि खर्च

बालकाच्या आजारपणात अनेक कुटुंबे कर्जबाजारी होतात. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात आजारी नवजात बालकावरील उपचार, औषधे, तपासण्या व वाहतूक विनामूल्य आहे. ही सुविधा पुढे एक वर्षापर्यंतच्या अर्भकांसाठी वाढविण्यात आली. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेविषयीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जतन करणे व मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयानुसार शुल्क आकारून दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. अर्भकांसाठीच्या दुग्धपर्यायांविषयीचा १९९२ चा कायदा व त्यातील २००३ ची दुरुस्ती यांनुसार डब्यातील दूध वा दुधाच्या बाटल्यांचा प्रचार करण्यास मनाई आहे. दवाखान्यात अशी जाहिरात आढळल्यास ती कायद्याला धरून नाही, हे पालकांना ठाऊक असावे.

अधिकारांसोबत कर्तव्येही येतात. माहिती न लपविणे, आधी घेतलेल्या घरगुती वा अन्य पद्धतींच्या उपचारांची कल्पना देणे, ठरलेल्या दिवशी पुन्हा दाखविणे आणि रुग्णालयातील कर्मचाऱ्यांशी संयमाने वागणे यांवरच परस्परविश्वास टिकतो.

समारोप

शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार २०३० पर्यंत नवजात मृत्युदर हजारी १२ पर्यंत व पाच वर्षांखालील मृत्युदर २५ पर्यंत खाली आणावयाचा आहे. महाराष्ट्राने राज्य सरासरीच्या पातळीवर ही मर्यादा २०२० मध्येच ओलांडली असली, तरी आदिवासी व दुर्गम भागांतील स्थिती या सरासरीत दडून राहते. रुग्णालये वाढविणे, रिक्त पदे भरणे व औषधपुरवठा सुरळीत ठेवणे हे शासनाचे दायित्व आहे, आणि पालकांच्या जागरूकतेकडे बोट दाखवून त्यातून सुटका करून घेता येणार नाही. तथापि सुसज्ज रुग्णालयाचाही उपयोग बाळ तेथे वेळेत पोहोचले तरच होतो. गडचिरोलीच्या खेड्यांत श्वास मोजणारी आरोग्यदूत आणि गोकुलमसारख्या वसाहतीत मुलाचा ताप मोजून त्याची नोंद ठेवणारी आई या दोघी बालरुग्णसेवेची पहिली पायरी सांभाळत असतात. ही पायरी भक्कम करण्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. गरोदरपणातील प्रत्येक तपासणीच्या वेळी धोक्याच्या खुणा समजावून सांगणे, कार्ड वाचावयास शिकविणे आणि त्या शिकवणीत वडिलांनाही सामावून घेणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल.